आधी वळू, मग गाय: पशुप्रजननाच्या संशोधनाची पार्श्वभूमी

गाय गाभण का राहत नाही, या प्रश्नाचा शोध विज्ञानाने बराच काळ वळूकडूनच घेतला. कारण साधं होतं. रेत गोळा करता येतं, सूक्ष्मदर्शकाखाली तपासता येतं, बाटलीत भरून दुसऱ्या गावी नेता येतं. गायीचं बीजांड पोटात खोल दडलेलं. त्यामुळे पशुप्रजननाच्या इतिहासात नराचं पारडं आधीपासूनच जड राहिलं.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इटलीच्या लाझारो स्पालांझानी यांनी माजावर आलेल्या कुत्रीच्या गर्भाशयात पिचकारीने वीर्य सोडलं. ६२ दिवसांनी तिला तीन पिल्लं झाली. पुढची शंभरेक वर्षं हा प्रयोग म्हणजे नवल म्हणूनच राहिला. १८९९ पासून रशियात इल्या इवानोव यांनी घोड्यांमध्ये कृत्रिम रेतन पद्धतशीरपणे सुरू केलं, आणि १९३६ मध्ये डेन्मार्कच्या दूध उत्पादकांनी त्यासाठी सहकारी संस्था काढली. त्यामागे जातिवंत वासरांची हौस होतीच, पण फायदा रोगांच्या बाबतीतही मोठा होता. एकच वळू गावभर फिरला की ट्रायकोमोना या परजीवीमुळे होणाऱ्या आजारासारखे रोग गायीगायींत पसरत आणि गायी गाभडत. रेतनाने ही साखळी तुटली. गुदद्वारातून हात घालून गर्भाशयाचं तोंड धरायचं आणि नळीने रेत सोडायचं, ही आजही चालणारी पद्धत डॅनिश पशुवैद्यांनीच बसवली. रेत भरायला ते आधी ओटची पोकळ काडी वापरत. मग मुलांच्या वाढदिवसाच्या पार्टीत सरबत प्यायच्या सेलोफेनच्या नळ्या एडुआर्ड सोरेन्सन यांच्या नजरेस पडल्या, आणि आजच्या रेतकांडीचा जन्म झाला.

रेत टिकवायचं कसं, हे कोडं मात्र सुटलं ते एका चुकीच्या लेबलमुळे. लंडनच्या मिल हिलमधल्या प्रयोगशाळेत ख्रिस्तोफर पोल्ज, ऑड्री स्मिथ आणि ॲलन पार्क्स साखरेच्या द्रावणात शुक्रजंतू गोठवून बघत होते. यश येईना. काही महिन्यांनी शीतगृहातली जुनी बाटली काढून त्यांनी पुन्हा प्रयोग केला, तर कोंबड्याचे शुक्रजंतू वितळल्यावर चक्क वळवळू लागले. ताजं द्रावण करून पाहिलं, तर पुन्हा सगळं निर्जीव. शेवटी बाटलीच्या तळाशी उरलेलं थोडंसं द्रावण रासायनिक तपासणीला दिलं. त्यात साखरेचा पत्ता नव्हता; होतं ग्लिसरॉल आणि प्रथिन. लेबलांची अदलाबदल झाली होती! १९४९ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. त्यानंतर द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर, मेलेल्या वळूचंही रेत वर्षानुवर्षं वापरता येऊ लागलं.

गायीच्या बाजूचं काम त्या मानाने संथ चाललं. भ्रूण प्रत्यारोपण, म्हणजे एका मादीचा भ्रूण दुसरीच्या गर्भाशयात वाढवणं, वॉल्टर हीप यांनी सशांमध्ये १८९० मध्येच करून दाखवलं होतं, पण गायीत ते साधून वासरू जन्मायला १९५१ उजाडलं. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन करायचं, हा नियम १९४० च्या दशकातल्या निरीक्षणांतून आला; पण मुका माज असलेल्या, म्हणजे माजाची लक्षणंच न दाखवणाऱ्या गायीचं काय करायचं? १९७० च्या दशकात प्रोस्टाग्लँडिन या संप्रेरकासारख्या औषधाने पीतपिंड (बीजांडकोशावरची, माज रोखून धरणारी गाठ) विरघळवून माज आणता येऊ लागला, आणि १९९५ मध्ये माज न बघताच ठरल्या वेळी रेतन करण्याचं इंजेक्शनांचं वेळापत्रक आलं.

दरम्यान भलतंच घडत होतं. दुधासाठी निवडलेल्या होल्स्टीन गायींचं दूध पिढीगणिक वाढलं आणि गाभण राहण्याचं प्रमाण घसरलं. व्याल्यानंतर गाय खाते त्यापेक्षा जास्त ऊर्जा दुधात घालवते, हे त्याचं एक कारण. दुसरं कारण पैदासकारांच्या हिशेबात होतं. प्रजननक्षमतेची आनुवंशिकता, म्हणजे गायीगायींतल्या फरकात आईबापांकडून आलेला वाटा, फार कमी, म्हणून तिला निवडीत जागाच नव्हती. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली ही सर्वांत महागडी गफलत. नॉर्वेने १९७० च्या दशकातच वळूंच्या निवडीत लेकींची प्रजननक्षमता धरायला सुरुवात केली होती. अमेरिकेत त्यासाठी २००३ उजाडावं लागलं.

या गफलतीचा आणखी एक पदर जीनोम तपासणीने, म्हणजे जनावराच्या सगळ्या डीएनएच्या तपासणीने, उघड केला. १९६२ मध्ये जन्मलेल्या ‘पॉनी फार्म आर्लिंडा चीफ’ या वळूच्या लेकीच सोळा हजारांच्या घरात. २०११ मध्ये संशोधकांनी डीएनएचे असे तुकडे शोधले, जे आई आणि बाप दोघांकडून मिळालेलं एकही जिवंत जनावर सापडत नाही. त्यांतला एक तुकडा चीफचा निघाला; त्यातल्या एपीएएफ१ या जनुकात दोष होता. असा तुकडा दोन्हीकडून आला की गर्भ मरतो, आणि मालकाला एवढंच दिसतं की गाय उलटली (पुन्हा माजावर आली) किंवा गाभडली. या एका दोषापायी जगभरात सव्वापाच लाख गर्भ गेले असावेत, असा २०१६ चा अंदाज आहे. नुकसान सुमारे ४२ कोटी डॉलर. त्याच अभ्यासात चीफच्या वंशामुळे वाढलेल्या दुधाची किंमत ३० अब्ज डॉलर धरली आहे, त्यामुळे हा वंश बाद करणं कुणालाच परवडणारं नव्हतं. आता रेत निवडताना वाहक (हा दोष एकाच बाजूने मिळालेल्या) गायीला वाहक वळू लावला जात नाही ना, एवढं बघितलं जातं.