निनावी तक्रार आणि नाव गुप्त ठेवलेली तक्रार

इंदूरच्या सरकारी कचेऱ्यांत नोकरी करणाऱ्या मराठी मंडळींमध्ये गैरव्यवहाराचा विषय निघाला की एक सल्ला हमखास दिला जातो: "नाव न घालता पत्र टाकून द्या, तक्रार करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण असते." शिकलेसवरलेले लोक, निवृत्त अधिकारी, कर्मचारी संघटनांचे पदाधिकारीसुद्धा हा सल्ला देतात आणि तो साफ चुकीचा आहे. संरक्षणाची जी काही व्यवस्था आपल्याकडे आहे ती नाव देणाऱ्यासाठी आहे, आणि तेही ते नाव ठरलेल्या रीतीने, ठरलेल्या ठिकाणी देणाऱ्यासाठी.

निनावी पत्र सर्वांच्या परिचयाचे आहे. 'एक त्रस्त कर्मचारी' अशी खाली सही असते, पाठवणाऱ्याचा पत्ता नसतो आणि बढत्यांचा मोसम जवळ आला की अशा पत्रांना ऊत येतो. निनावी व खोट्या नावाच्या तक्रारींवर कारवाई करू नये, असे केंद्र सरकारच्या खात्यांतील भ्रष्टाचारावर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय सतर्कता आयोगाने 29 जून 1999 च्या परिपत्रकातच सांगितले होते. पत्र हाताने लिहिले की टाइप केले, हिंदीत लिहिले की इंग्रजीत, याने काडीचाही फरक पडत नाही.

खरा घोळ पुढे आहे. लोकांना वाटते की नाव गुप्त राहणे म्हणजे नाव कोणालाच ठाऊक नसणे. गोपनीय तक्रारीत मात्र नाव आयोगाला ठाऊक असते, आयोग पत्र पाठवून त्याची खातरजमा करतो, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्या खात्यापर्यंत ते पोहोचू नये ही जबाबदारी आयोगावर येते. निनावी पत्रात अशी जबाबदारी कोणावरच नसते. अक्षरावरून, मजकुरावरून किंवा केवळ संशयावरून उद्या तुम्हाला कोणी ओळखले आणि तुमची बदली झाली, तर दाद मागायला कोणतेही दार उरत नाही, कारण ती तक्रार तुमची आहे असे तुम्हीच कधी सांगितलेले नसते.

गोपनीय तक्रारीची ही व्यवस्था ज्यांच्यामुळे आली त्या सत्येंद्र दुबे या महामार्ग प्राधिकरणाच्या अभियंत्याने निनावी पत्र लिहिले नव्हते. सुवर्ण चतुष्कोण महामार्गाच्या कामातील गैरप्रकारांविषयी त्यांनी 2002 मध्ये पंतप्रधान कार्यालयाला लिहिले, आपली ओळख दिली आणि ती गुप्त ठेवावी अशी स्पष्ट विनंती केली. ते पत्र त्यांच्या नावासकट एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरत राहिले. 27 नोव्हेंबर 2003 रोजी गया येथे त्यांची हत्या झाली. ही हत्या लुटीसाठी झाली, असा निष्कर्ष पुढे सीबीआयने काढला. तरीही विश्वासाने दिलेले नाव सरकारने सांभाळले नाही, हा दोष त्याने पुसला जात नाही. दुबे यांनी आपले कर्तव्य पूर्णपणे केले होते, शासनाने केले नाही. सर्वोच्च न्यायालयात हा प्रश्न गेल्यानंतर 21 एप्रिल 2004 च्या सरकारी ठरावाने अशा तक्रारी स्वीकारण्याचे काम केंद्रीय सतर्कता आयोगाकडे सोपवण्यात आले.

या ठरावाखालची तक्रार बंद पाकिटात, आयोगाच्या सचिवांच्या नावाने पाठवायची असते. ती 'पब्लिक इंटरेस्ट डिस्क्लोजर' (जनहितासाठी माहिती उघड करणे) याखालील तक्रार असल्याचे पाकिटावर ठळकपणे लिहावे लागते, कारण ते लिहिले नाही तर ती साधी तक्रार समजली जाते आणि नाव जपण्याचे बंधन राहत नाही. पाकिटावर पाठवणाऱ्याचे नाव-पत्ता लिहायचा नाही. तो आत, पत्राच्या सुरुवातीला, शेवटी किंवा वेगळ्या जोडपत्रावर द्यायचा. ईमेलने हे संरक्षण मिळत नाही.

त्याहून नाजूक काम मजकुराचे आहे. "12 तारखेला ही फाइल माझ्याकडे आली तेव्हा मी आक्षेप घेतला होता" असे एक वाक्य लिहिले की नाव झाकण्यात काही अर्थ उरत नाही, कारण त्या दिवशी ती फाइल कोणाच्या टेबलावर होती हे सगळ्या विभागाला ठाऊक असते. तेच "12 तारखेच्या टिपणीतील दर मंजूर निविदेपेक्षा जास्त आहे, फाइल क्रमांक अमुक, पान अमुक" असे लिहिले तर तपासणाऱ्याला धागा मिळतो आणि लिहिणारा दिसत नाही. आरोप नेमका आणि पडताळता येण्याजोगा हवा, पण सांगणाऱ्याच्या खाणाखुणा त्यात नकोत.

माझा सर्वांत मोठा राग आहे तो 'प्रत माहितीसाठी सविनय सादर' या ओळीवर. मंत्री, खासदार, कलेक्टर, चार वृत्तपत्रे अशा सर्वांना प्रती धाडण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे आणि तिला जागरूकतेचे लक्षण मानले जाते. आयोग मात्र तक्रारदाराकडून असे लिहून घेतो की हेच आरोप त्याने अन्यत्र केलेले नाहीत. प्रती वाटल्या की आपण होऊन संरक्षण सोडून दिले, इतके हे सरळ आहे. 181 वरच्या सीएम हेल्पलाइनवर तक्रार नोंदवणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे की तिथे बहुतेक वेळा त्याच खात्याचा अधिकारी तुम्हाला फोन करतो. नळाला पाणी येत नसेल तर ती सोय उत्तम आहे. वरिष्ठाच्या लाचखोरीसाठी ती वापरू नये.

नाव मागणे हा तक्रारदारावर अन्याय आहे, असे मला वाटत नाही. ज्याच्यावर आरोप होतो त्याचीही नोकरी आणि अब्रू पणाला लागलेली असते, आणि बिनबुडाचा आरोप करणाऱ्याला कोणीतरी जाब विचारू शकले पाहिजे. शिवाय चौकशी करणाऱ्याला शंका आली तर ती विचारणार कोणाला? निनावी पत्र लिहिणाऱ्याची भीती खरी असते आणि मी तिला भ्याडपणा म्हणणार नाही. पण सहकाऱ्यावर गंभीर आरोप ठेवून त्याचे उत्तरदायित्व कोणाकडेच न ठेवणे मला नैतिकदृष्ट्या मान्य नाही.

कचेरीतली कागदपत्रे मोबाइलवर टिपून व्हॉट्सॲप गटात टाकणे हे या दोन्हींत बसत नाही. तिथे 1923 चा शासकीय गुपिते कायदा आणि आचरण नियम आड येऊ शकतात. राफेल लढाऊ विमानांच्या खरेदीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 10 एप्रिल 2019 रोजी फुटलेली कागदपत्रे विचारात घेण्यास मान्यता दिली, तेव्हा अनेकांनी त्याचा अर्थ कागद फोडणाऱ्याला अभय मिळाले असा लावला. न्यायालयापुढे तेव्हा प्रश्न होता तो कागद वाचावेत की नाही एवढाच.

इंदूरकरांसाठी यातली सर्वांत कटू बाब अशी की 2004 चा ठराव केंद्र सरकारचे कर्मचारी आणि केंद्राच्या अखत्यारीतील कंपन्या, बँका, संस्था यांनाच लागू आहे. एकाच घरात नवरा राष्ट्रीयीकृत बँकेत आणि बायको राज्याच्या आरोग्य खात्यात असेल, तर आपल्या कचेरीतला गैरव्यवहार नवरा या मार्गाने कळवू शकतो, बायको नाही. घोटाळ्यात सापडलेल्या व्यापमच्या, म्हणजे व्यावसायिक परीक्षा मंडळाच्या, परीक्षाही राज्याच्याच होत्या. त्या प्रकरणात इंदूर आणि ग्वाल्हेरमधून ज्यांनी नावानिशी आवाज उठवला, त्यांना संरक्षणासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली, आणि तपास सीबीआयकडे गेला तोही सर्वोच्च न्यायालयाच्या 9 जुलै 2015 च्या आदेशाने. ही उणीव भरून काढणारा, राज्यांनाही कवेत घेणारा कायदा संसदेने संमत केला आणि मे 2014 मध्ये त्यावर राष्ट्रपतींची सहीही झाली. पण तो अमलात आणणारी अधिसूचना निघालेली नाही. 'आता कायदा आहे' असे जे छातीठोकपणे सांगतात ते याच कायद्याकडे बोट दाखवतात. त्यातसुद्धा निनावी तक्रारीची दखल घ्यायची नाही, असेच कलम आहे. तोवर मध्य प्रदेश शासनाच्या कर्मचाऱ्यासाठी लोकायुक्तांचा मार्ग उरतो आणि तिथे तक्रार शपथपत्रासह, आपल्या नावाने करावी लागते. म्हणून तिथे जाण्याआधी वकिलाला गाठावे आणि कागद कोणत्या मार्गाने हाती आले हेही त्याला सांगून ठेवावे.