खिशातला संगणक कसा घडला

मोबाइल घ्यायला दुकानात गेलं की विक्रेता यादी म्हणून दाखवतो: इतक्या एमएएचची बॅटरी, आठ कोअरचा प्रोसेसर, एवढी रॅम, एवढ्या इंचांची स्क्रीन, अमुक सेन्सर. या यादीतली प्रत्येक ओळ कधीतरी कुणाची तरी डोकेदुखी होती. बॅटरी तासाभरात मान टाकायची, यंत्राला माणसाचं अक्षर लागायचं नाही, चिप इतकी तापायची की खिशात ठेवणं अशक्य. मोबाइल, टॅब्लेट आणि लॅपटॉप ही भावंडं समजून घ्यायची तर आकड्यांपेक्षा या अडचणींकडे आधी पाहावं, असं मला वाटतं.

कल्पना यंत्राच्या फार आधी आली. १९७२ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात अ‍ॅलन के या संशोधकाने ‘डायनाबुक’ नावाच्या संगणकाचं वर्णन एका निबंधात केलं. आकार वहीएवढा, वजन चार पौंडांच्या आत, किंमत ५०० डॉलरच्या आसपास, आणि वापरणारी मुलं. तेव्हाचे संगणक कपाटाएवढे असत. के यांना मुलांनी संगणकावर नुसतं वाचणं पुरेसं वाटत नव्हतं. त्यांनी त्यावर स्वतः काही घडवावं, प्रोग्राम लिहावेत, असं त्यांचं म्हणणं होतं. आज मुलांच्या हातात त्याहून हलकं आणि स्वस्त यंत्र आहे, पण ही दुसरी अपेक्षा बव्हंशी तशीच राहिली आहे.

प्रत्यक्षात जे पहिलं मोठ्या प्रमाणावर विकलं गेलं, त्याला ‘उचलून नेता येणारा’ म्हणणं एवढंच खरं होतं. १९८१ चा ऑस्बोर्न १. वजन सुमारे ११ किलो, पाच इंची पडदा, किंमत १,७९५ डॉलर, आणि आत बॅटरीच नाही. जिथे जाल तिथे प्लग शोधायचा. तो काढणारे अ‍ॅडम ऑस्बोर्न यांचं बालपण तमिळनाडूत तिरुवण्णामलैला गेलं आणि २००३ मध्ये त्यांचा मृत्यूही कोडाईकनालला झाला. संगणकाच्या इतिहासात भारताशी असं नातं असलेला हा माणूस आपल्याकडे फारसा कुणाला माहीत नाही. पुढच्याच वर्षी आलेल्या ग्रिड कंपास या यंत्राने पडदा कीबोर्डवर मिटण्याची रचना आणली. लॅपटॉप आजही तसाच मिटतो.

पत्रकारांचा जीव मात्र जडला तो १९८३ च्या टीआरएस-८० मॉडेल १०० वर. पडद्यावर आठच ओळी, प्रत्येक ओळीत ४० अक्षरं. पण चार साध्या पेन्सिल सेलवर तो वीसेक तास चालायचा, आणि बातमी लिहून झाली की अंगच्या मोडेममधून टेलिफोनच्या तारेवर ती थेट कचेरीत धाडता यायची. पडदा लहान असला तरी माणूस सांभाळून घेतो, पण काम अर्ध्यावर असताना यंत्र बंद पडलं तर ते कुणी पुन्हा हातात घेत नाही, हे तेव्हाच दिसून आलं होतं.

म्हणून माझ्या मते या सगळ्या कथेतला कळीचा दिवस कुठल्याही झगमगत्या सादरीकरणाचा नाही. तो २६ एप्रिल १९८५. इंग्लंडमधल्या केंब्रिजला एकॉर्न या लहानशा कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी आखलेली पहिली एआरएम चिप, म्हणजे एक प्रोसेसर, त्या दिवशी हातात आली. चिप व्यवस्थित चालत होती. फर्बर यांनी ती किती वीज खाते हे मोजायला मीटर लावला, तर काटा शून्यावर. तपासल्यावर कळलं की चिपला मुख्य वीजपुरवठा जोडलेलाच नव्हता. इतर जोडण्यांमधून झिरपणाऱ्या विजेवरच ती चालत होती. त्यांना चिप स्वस्त प्लास्टिकच्या वेष्टनात बसवायची होती, त्यासाठी ती तापू नये म्हणून आखणी साधी आणि काटकसरीची ठेवली होती. खिशातल्या यंत्राचा विचार तेव्हा कुणाच्या मनातही नव्हता. आज जगातला जवळजवळ प्रत्येक स्मार्टफोन याच घराण्यातल्या चिपवर चालतो.

दुसरी जोड बॅटरीची. १९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. कमी वजनात जास्त ऊर्जा साठवणाऱ्या आणि पुन्हापुन्हा भरता येणाऱ्या या बॅटरीमागच्या कामासाठी जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता उरला प्रश्न यंत्रात लिहायचं कसं, हा. अ‍ॅपलने १९९३ मध्ये न्यूटन मेसेजपॅड आणला. त्यात एआरएमचीच चिप होती, आणि पेनाने लिहिलेलं माणसाचं अक्षर यंत्राने ओळखावं अशी महत्त्वाकांक्षा. पहिल्या आवृत्तीत ही ओळख इतकी चुकायची की तिची जाहीर टिंगल झाली, आणि पुढे बरीच सुधारणा होऊनही न्यूटनचं नाव सावरलं नाही. १९९८ मध्ये तो बंद झाला.

पाम कंपनी काढणाऱ्या जेफ हॉकिन्स यांनी हा प्रश्न उलटा केला. शर्टाच्या खिशात मावेल असा लाकडाचा ठोकळा त्यांनी कापून घेतला आणि तो खिशात घालून ते वावरू लागले. कुणी भेटीची वेळ विचारली की ठोकळा काढायचा आणि त्यावर नोंद करण्याचा आव आणायचा. आपण खरंच काय काय करतो ते त्यातून बघायचं. १९९६ मध्ये त्यातून पाम पायलट आला. यंत्राने सगळ्यांची अक्षरं शिकण्याऐवजी माणसानेच ‘ग्रॅफिटी’ नावाची सोपी लिपी शिकावी, असा तोडगा निघाला. इंग्रजी ‘ए’ काढताना मधली आडवी रेघ सोडायची, ‘एफ’ काढतानाही तेच, बहुतेक अक्षरं पेन न उचलता एका फटक्यात. पडद्याखाली दोन चौकटी: डावीकडे अक्षरं, उजवीकडे आकडे. लोक थोड्या सरावात सफाईने लिहू लागले. दोन बारीक सेलवर तो आठवडे चालायचा, आणि संगणकाला जोडलेल्या पाळण्यात (क्रेडलमध्ये) ठेवून एक बटण दाबलं की नोंदी टेबलावरच्या संगणकात उतरायच्या. जे करायचं ते मोजकं, पण नेमकं. एवढा समंजस संगणक त्याआधी क्वचितच झाला असेल.

फोन आणि संगणक एकत्र आणण्याचा प्रयत्नही याच काळातला. आयबीएमचा सायमन १९९४ मध्ये अमेरिकेत विक्रीला आला: अर्धा किलो वजन, टचस्क्रीन, ईमेल आणि फॅक्स, आणि तासाभरात संपणारी बॅटरी. भारतात पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला, कोलकात्याहून मुख्यमंत्री ज्योती बसूंचा दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना. पुढची काही वर्षं आपल्याकडे आलेल्या कॉललाही पैसे पडत, म्हणून नंबर बघून फोन कापायचा आणि जवळच्या एसटीडी बूथवरून परत लावायचा.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या स्वामी मनोहर, विजय चंद्रू, व्ही. विनय आणि रमेश हरिहरन या प्राध्यापकांनी एन्कोअर कंपनीतल्या अभियंत्यांसोबत २००१ मध्ये ‘सिंप्युटर’चा नमुना दाखवला. हातात मावणारा, लिनक्स या मोफत कार्यप्रणालीवर चालणारा, भारतीय भाषांतला मजकूर वाचून दाखवणारा. यंत्र महाग असेल तर ते गावाने मिळून घ्यावं, प्रत्येकाने आपली माहिती स्वतःच्या स्मार्ट कार्डावर ठेवावी आणि कार्ड सरकवलं की यंत्र त्याचं व्हावं, ही त्यामागची कल्पना मला आजही थोर वाटते. २००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या सहकार्याने ‘अमिडा’ या नावाने तो बाजारात आला, आणि त्यात यंत्र कललं की ओळखणारा सेन्सरही होता. अशा सेन्सरमध्ये सिलिकॉनमध्ये कोरलेला अतिसूक्ष्म भार असतो. यंत्र कललं की तो किंचित सरकतो आणि तेवढा बदल मोजला जातो. फोन आडवा केल्यावर चित्र आडवं होतं ते यामुळेच, आणि आयफोन तेव्हा तीन वर्षं दूर होता. पण सिंप्युटरची विक्री जेमतेम काही हजारांवर थांबली. दहा हजारांच्या आसपासची किंमत, हाताशी पुरेसे प्रोग्राम नाहीत, सरकारी मागणी अपेक्षेइतकी आली नाही, आणि दरम्यान साधा मोबाइल झपाट्याने स्वस्त झाला.

२००७ च्या आयफोनचं श्रेय मोठं आहे, पण ते वेगळ्या जागी आहे. बोटाने चालणारी स्क्रीन नवी नव्हती. इंग्लंडमध्ये माल्व्हर्नच्या रडार संस्थेत ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ मध्येच तिचं वर्णन केलं होतं. पाम किंवा सिंप्युटरच्या पडद्यावर पेनाने दाब द्यावा लागे, म्हणजे दोन थर एकमेकांना टेकत. आयफोनमध्ये काचेखाली वाहक जाळी होती, बोट जवळ आलं की तिथली विद्युत धारिता (वीजभार साठवण्याची क्षमता) बदलायची, आणि एकाच वेळी अनेक बोटं ओळखता यायची. पेन गेला, बटणांचा कीबोर्ड गेला आणि जवळपास सगळा पुढचा भाग स्क्रीनला मिळाला. २००८ मध्ये अ‍ॅप स्टोअर सुरू झालं, त्याच वर्षी पहिला अँड्रॉइड फोन आला. बाकी कथा आपल्यासमोरच घडली.

हाच दाब आणि स्पर्शाचा फरक भारतीय विद्यार्थ्यांच्या वाट्याला आला. ऑक्टोबर २०११ मध्ये सरकारने विद्यार्थ्यांसाठी जाहीर केलेल्या स्वस्त ‘आकाश’ टॅब्लेटची पहिली आवृत्ती दाबून चालवायच्या पडद्याची आणि मंद प्रोसेसरची होती, आणि तिच्यावर सडकून टीका झाली. पुढे काम पवईच्या आयआयटी मुंबईकडे आलं. नोव्हेंबर २०१२ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत स्पर्शाने चालणारा पडदा आणि बराच वेगवान प्रोसेसर होता.

मराठी वाचकाची आणखी एक अडचण होती, आणि ती विक्रेत्याच्या यादीत कधीच नसायची. देवनागरी दाखवायला नुसता फाँट पुरत नाही. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न्यायची, जोडाक्षरं जुळवायची, हे काम फोनच्या आत व्हावं लागतं. सुरुवातीच्या कित्येक अँड्रॉइड फोनांवर मराठी म्हणजे रिकामे चौकोन. त्यावर जाणत्यांनी उपाय शोधला होता: ऑपेरा मिनी हा ब्राउझर उघडायचा, पत्त्याच्या जागी ‘ऑपेरा:कॉन्फिग’ टाइप करायचं आणि क्लिष्ट लिप्यांसाठी बिटमॅप फाँटचा पर्याय ‘येस’ करायचा. मग दूरच्या सर्व्हरवर अक्षरांची चित्रं तयार होऊन फोनवर यायची. मजकूर हळू उघडायचा, पण वाचता यायचा. कितीतरी जणांनी मराठी संकेतस्थळं मोबाइलवर पहिल्यांदा वाचली ती अशी. नंतर अँड्रॉइडमध्ये देवनागरी नीट जुळू लागली, तरी ‘दुसऱ्या’ आणि ‘वाऱ्यावर’ मधला ऱ्य काही फोनांवर बराच काळ मोडका दिसायचा, कारण हिंदीला तो लागत नाही आणि चाचणी बहुधा हिंदीवरच व्हायची.

२०१६ मध्ये केंद्र सरकारने आदेश काढला की भारतात विकल्या जाणाऱ्या फोनांवर सर्व २२ अधिकृत भाषा वाचता आल्या पाहिजेत आणि हिंदी, इंग्रजीखेरीज आणखी एका भारतीय भाषेत लिहिता आलं पाहिजे. २०१७ मध्ये गूगलच्या बोलून लिहिण्याच्या सोयीत मराठी आली, आणि कीबोर्डवर बोट न टेकवलेली माणसंही मराठीत निरोप लिहू लागली. आता फोन घेताना रॅम विचारून झाली की तिथेच कीबोर्ड उघडून ‘तऱ्हा’ आणि ‘सुऱ्या’ टाइप करून बघावं आणि बोलून लिहिण्याच्या भाषांमध्ये मराठी निवडता येते का तेही पाहावं. विक्रेता वैतागला तरी चालेल.