आजार एकच, नावं दोन

खानापूर, बेळगाव, निपाणी या पट्ट्यात चार-पाच शेळ्या नि एखादी म्हैस सांभाळणाऱ्या घरात सल्ला मराठीतून येतो आणि लस कन्नडमधून. याचं मूळ भाषावार प्रांतरचनेत आहे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. पुढे जनावरांच्या दवाखान्याचं दप्तर कन्नड झालं, गोठ्यातलं बोलणं मराठीच राहिलं. 1963 ला सांगली आकाशवाणी आली, 2005 ला ‘अ‍ॅग्रोवन’ हे शेतीचं दैनिक. त्यातला आजारांचा सल्ला इथेही तंतोतंत लागू पडतो. अनुदानाच्या योजना मात्र महाराष्ट्राच्या. 2000 मध्ये कर्नाटकात होबळीच्या (तालुक्याखालच्या गावगटाच्या) ठिकाणी रैत संपर्क केंद्रं निघाली, पण ती कृषी खात्याची. शेळीच्या लसीची चौकशी तिथे केली तर हेलपाटाच पडतो.

खरी अडचण नावांची. मराठीतला आंत्रविषार म्हणजे कन्नडमधली ‘करुळु बेने’, पीपीआर हा शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा रोग म्हणजे ‘हिरे बेने’, गुरांचा फऱ्या म्हणजे ‘चप्पे बेने’. पंचायतीच्या फलकावर ‘हिरे बेने’ची तारीख लागते आणि पीपीआरची वाट पाहणारा ती ओलांडून पुढे जातो.

ही तारीख चुकणं महागात पडतं. पीपीआरची लस सुक्या वडीच्या रूपात येते. द्रावणात मिसळली की बर्फावर ठेवून साधारण दोन तासांत संपवावी लागते. शंभर मात्रांची बाटली चार शेळ्यांसाठी कुणी फोडत नाही. गावाची फेरी असेल त्याच दिवशी चार महिन्यांपुढची करडं घरी बांधलेली हवीत. मात्रा 1 मिली, कातडीखाली.

आंत्रविषाराचं गणित पावसाशी बांधलेलं. पहिल्यांदाच लस देताना 14 दिवसांच्या अंतराने दोन मात्रा लागतात, म्हणून पहिली मेच्या सुरुवातीलाच टोचून घ्यावी. कोवळं गवत अधाशासारखं खाल्लं की आतड्यातले जंतू झपाट्याने वाढून विष सोडतात, आणि संध्याकाळी धडधाकट दिसलेली शेळी सकाळी मेलेली सापडते. गवत उगवल्यावर टोचलं तर प्रतिकारशक्ती यायच्या आतच जनावर दगावतं. मग ‘लसीनंच मारलं’ ही बातमी वाडीभर फिरते आणि पुढच्या वर्षी कुणी शेळ्या बाहेर काढत नाही.

जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी 1962 हा फोन क्रमांक लावताना गाव, तालुका, जनावराचं वय, शेवटची लस आणि आजाराचं कन्नड नाव कागदावर लिहून जवळ ठेवावं.