जर्मन हाफ-ट्रॅक २५१ : रणगाड्यांसोबत पायदळ नेणाऱ्या वाहनाची पार्श्वभूमी

पुढे चाके आणि मागे पट्टे असलेल्या ‘हाफ-ट्रॅक’ वाहनांची कल्पना जर्मन नव्हे. रशियाच्या झारच्या मोटारखान्याची जबाबदारी सांभाळणाऱ्या आडोल्फ केग्रेस या फ्रेंच अभियंत्याने पहिल्या महायुद्धापूर्वीच, बर्फात मोटारी चालाव्यात म्हणून मागच्या चाकांच्या जागी रबरी पट्टे बसवले होते. पुढे सित्रोएन कंपनीने त्याच पद्धतीच्या गाड्यांनी १९२२-२३ च्या हिवाळ्यात सहारा वाळवंट पार केले. जर्मन सैन्याला मात्र अशा वाहनाची गरज भासली ती तोफा ओढण्यासाठी. शस्त्रास्त्र विभागातील अभियंते एर्न्स्ट क्निपकाम्प यांच्या देखरेखीखाली एक टनापासून अठरा टनांपर्यंत वजन ओढणाऱ्या हाफ-ट्रॅक वाहनांची एक मालिकाच तयार झाली. त्यांपैकी तीन टनी वाहनाच्या सांगाड्यावर चिलखती पेटी बसवून जे वाहन तयार झाले, त्याला सैन्याच्या यादीत ‘विशेष मोटारवाहन २५१’ असा क्रमांक मिळाला. हानोव्हरच्या हानोमाग कंपनीने त्याच्या निर्मितीत मोठा वाटा उचलल्यामुळे आज ते पुष्कळदा ‘हानोमाग’ याच नावाने ओळखले जाते.

त्यामागची गरज युद्धशास्त्रातली होती. १९३५ मध्ये जर्मनीने पहिल्या पँझर (रणगाडा) डिव्हिजन उभ्या केल्या, तेव्हा रणगाडा-युद्धाचे पुरस्कर्ते जर्मन सेनाधिकारी हाइन्त्स गुडेरियान यांचा आग्रह असा होता की, रणगाड्यांना एकटे पुढे धाडून भागणार नाही. पायदळ, तोफखाना आणि अभियांत्रिकी दल यांनाही त्याच वेगाने आणि त्याच जमिनीवरून जाता आले पाहिजे. ट्रक रस्ता सोडला की चिखलात रुततो आणि गोळीबारात त्याचा टिकाव लागत नाही. नांगरलेल्या शेतातून रणगाड्यामागे जाईल आणि सैनिकांना बंदुकीच्या गोळ्यांपासून व तोफगोळ्यांच्या तुकड्यांपासून वाचवील, असे वाहन हवे होते. हा विचार अगदी योग्य होता, आणि आजच्या प्रत्येक चिलखती पायदळ-वाहनाच्या मुळाशी तोच आहे.

२५१ मध्ये चालक आणि त्याच्या शेजारचा सोबती यांच्याखेरीज दहा सैनिक बसत. मायबाख कंपनीचे सहा सिलिंडरचे, सुमारे १०० अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन आठ टनांच्या आसपास वजनाची ही गाडी रस्त्यावर ताशी पन्नास किलोमीटरपर्यंत पळवू शके. समोरचे चिलखत १४.५ मिलिमीटर आणि बाजूंचे ८ मिलिमीटर जाडीचे होते. वर छप्पर नव्हते. त्यामुळे सैनिकांना चटकन बाहेर उड्या टाकता येत आणि आतूनच मशीनगन चालवता येई. पण वरून पडलेला एक हातबाँबही आतल्या सर्वांसाठी पुरेसा ठरे. चालकासमोरचे चिलखत तिरपे असल्याने स्टिअरिंगचे चाकही नेहमीच्या उलट दिशेने कललेले होते.

खरी कारागिरी मात्र खाली होती. पट्ट्यावर चालणारी मोठी चाके एकमेकांना झाकतील अशी दोन ओळींत बसवलेली असत, त्यामुळे वजन सारखे वाटले जाई आणि गाडी हादरे न देता पळे. पट्ट्याच्या प्रत्येक कडीत वंगण भरलेले सुईसारखे बारीक बेअरिंग आणि बाहेरच्या बाजूला रबरी गादी असे. पुढच्या चाकांना इंजिनाची ताकद मिळत नसे, ती फक्त वळण्यापुरती होती; वळण तीव्र असले की आतल्या बाजूच्या पट्ट्याला आपोआप ब्रेक लागे. हे सारे उत्तम चाले, पण त्याची देखभाल किचकट होती. आतले एखादे चाक बदलायचे तर बाहेरची चाके आधी उतरवावी लागत, आणि रशियातल्या हिवाळ्यात चाकांमध्ये साचलेला चिखल रात्रीत गोठून गाडी जागीच अडे. माझ्या मते या वाहनाचा सर्वांत मोठा दोष हाच होता: हजारोंनी लागणारी वस्तू घड्याळाच्या बारकाईने बनवली गेली.

त्याचा परिणाम आकड्यांत दिसतो. १९३९ च्या पोलंड मोहिमेत अशी वाहने अगदी मोजकी होती आणि १९४० मध्ये जेमतेम साडेतीनशेच्या आसपास तयार झाली. १९४३ मध्ये आलेल्या ‘डी’ या सुधारित नमुन्याने चिलखताचे तुकडे कमी करून जोडणी सोपी केली, तेव्हा कुठे उत्पादन वाढले आणि १९४४ मध्ये ते सात हजारांपुढे गेले. एकूण सुमारे १५,००० वाहने बनली. अमेरिकेने त्याच काळात आपली साधी, दणकट हाफ-ट्रॅक वाहने चाळीस हजारांहून अधिक बनवली. जर्मन कारखान्यांतले हे वाढीव उत्पादन व्याप्त देशांतून आणलेल्या वेठबिगार कामगारांच्या श्रमांवर उभे होते, हेही या इतिहासातून वगळता येणार नाही. इतके करूनही एका पँझर डिव्हिजनमधील चार पायदळ बटालियनपैकी बहुधा एकाच बटालियनला ही वाहने मिळत. बाकीचे सैनिक ट्रकने जात. साध्या पायदळ डिव्हिजन तर पायी चालत आणि त्यांच्या तोफा व गाड्या घोडे ओढत. प्रचारपटांतून दिसणारे पूर्ण यांत्रिक जर्मन सैन्य प्रत्यक्षात कधीच अस्तित्वात नव्हते.

उत्तर आफ्रिकेतही २५१ थोडीच पोहोचली. तेथील जर्मन सेनापती रोमेल वापरत असलेले ‘ग्राइफ’ नावाचे वाहन २५१ नसून त्याचा धाकटा भाऊ, २५० होते. त्याच मोहिमेत २० जून १९४२ रोजी पँझर डिव्हिजननी लिबियातील तोब्रुक या ब्रिटिशांच्या ताब्यातील बंदराच्या आग्नेय कडेवर हल्ला चढवला, तेव्हा ती कड मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन सांभाळत होती. बाँबफेकीमागोमाग तेथे खिंडार पडले, दुसऱ्या दिवशी तोब्रुक पडले आणि या बटालियनचे अनेक जवान युद्धकैदी झाले.

युद्ध लांबले तशी या एकाच सांगाड्यावर वीसहून अधिक रूपे तयार झाली. गुडेरियान यांचे १९४० मधले प्रसिद्ध छायाचित्र २५१ च्या संदेशवहन-रूपातले आहे. त्यात पुढ्यात सांकेतिक संदेशांसाठीचे एनिग्मा यंत्र दिसते. उखळी तोफ, आखूड नळीची ७५ मिलिमीटर तोफ, ज्वालाफेकी यंत्र, विमानविरोधी तोफा, जखमींसाठी रुग्णवाहिका आणि अखेरीस रात्री पाहण्यासाठी अवरक्त प्रकाशझोत, असे सर्व काही त्यावर बसवले गेले. ऑगस्ट १९४४ मध्ये पोलंडच्या राजधानीत, वॉर्सात, जर्मनांविरुद्ध झालेला उठाव चिरडायलाही ही वाहने आणली गेली. १४ ऑगस्टला पोलिश बंडखोरांनी त्यांतले एक हस्तगत केले आणि विद्यापीठातल्या जर्मन ठाण्यावरील हल्ल्यात तेच वापरले.

युद्धानंतर चेकोस्लोव्हाकियाने याच आराखड्यावर टात्रा या तिथल्या कंपनीचे डिझेल इंजिन आणि वर छप्पर बसवून ‘ओटी-८१०’ हे वाहन बनवले व ते पुढे अनेक वर्षे वापरले. आज प्रदर्शनांत आणि युद्धपटांत दिसणारी बरीचशी ‘जर्मन’ वाहने मुळात हीच, छप्पर काढून रंगवलेली चेकोस्लोव्हाक वाहने आहेत.