साक्ष : कोर्टातला शब्द मंडळीत आला त्याची गोष्ट

ख्रिस्ती मंडळीत ‘साक्ष देणे’ हा रोजच्या वापरातला शब्द आहे. उपासनेत कुणीतरी उठतो आणि आपण आधी कसे होतो, प्रभू कसा भेटला, मग काय बदलले ते सांगतो. ऐकणाऱ्याला वाटते, हे आत्ताच, मनातून आले. मनातून आलेले असतेही. पण ते ज्या साच्यात आले तो साचा घडायला बरीच शतके लागली आहेत आणि पहिल्या पिढीतल्या साक्षीदारांना तो ओळखूही आला नसता.

मूळ ग्रीक शब्द ‘मार्तुस’. अर्थ साधा साक्षीदार, कोर्टात उभा राहतो तसा. साक्षीदाराने स्वतःबद्दल बोलायचे नसते. जे पाहिले ते सांगायचे असते. येशूचा शिष्य पेत्र याचेच बघा. कोंबडा आरवण्याआधी तीनदा धन्याला नाकारणारा आणि मग ढसाढसा रडणारा हा माणूस. आजच्या सभेत त्याची साक्ष ऐकायला लोक दाटीवाटीने बसले असते. पण पन्नासाव्या दिवशीच्या, म्हणजे पेंटेकॉस्ट सणाच्या, त्याच्या भाषणात, प्रेषितांच्या कृत्यांच्या दुसऱ्या अध्यायात, त्यातले अक्षरही नाही. येशूला देवाने उठवले आणि आम्ही त्याचे साक्षी आहोत, एवढाच त्याचा मुद्दा. साक्ष बाहेर घडलेल्या गोष्टीची होती, स्वतःच्या काळजाची नव्हती.

स्वतःची गोष्ट सांगणारेही शुभवर्तमानांत भेटतात, पण ते थोडक्यात आटोपतात. योहानाच्या नवव्या अध्यायातला जन्मांध माणूस उलटतपासणीला कंटाळून म्हणतो की बाकीचे मला ठाऊक नाही, मी आंधळा होतो, आता मला दिसते. मार्कच्या पाचव्या अध्यायात भुतांपासून सुटलेला माणूस येशूबरोबर जायला निघतो, तर येशू त्याला घरी पाठवतो : आपल्या माणसांना सांग. या दोघांनाही तयारी करायला कुणी वेळ दिलेला नाही.

तयारीने बोलणारा पहिला माणूस म्हणजे पौल. ख्रिस्ती लोकांना पकडायला निघालेल्या या माणसाला दिमिष्काच्या वाटेवर आकाशातून प्रकाश दिसला, येशूची वाणी झाली आणि तो तीन दिवस आंधळा राहिला. ही घटना प्रेषितांच्या कृत्यांत तीनदा येते. नवव्या अध्यायात लेखक सांगतो, बाविसाव्यात आणि सव्विसाव्यात पौल स्वतः. तिन्ही शेजारी ठेवून वाचले की फरक दिसतात. यरुशलेमेतल्या खवळलेल्या जमावापुढे तो त्यांच्याच भाषेत बोलतो, गमलियेलाच्या पायांशी शिकल्याचे सांगतो, ज्याच्या हातून त्याला पुन्हा दिसू लागले त्या अनन्याची ओळख नियमशास्त्राप्रमाणे चालणारा भक्तिमान माणूस अशी करून देतो. अग्रिप्पा राजापुढे अनन्या गायब, तीन दिवसांचे आंधळेपणही गायब. सोबत्यांना वाणी ऐकू आली की नाही, यावरही नववा आणि बाविसावा अध्याय जुळत नाहीत. टीकाकारांनी यावर बरीच शाई खर्च केली आहे. मला त्यात एवढेच दिसते की समोर कोण बसले आहे हे पाहून पौल बोलत होता.

पुढे ‘मार्तुस’ या शब्दाचा अर्थच बदलला. साक्ष देणे म्हणजे जीव देणे असे दिवस आले आणि त्याच शब्दाला ‘हुतात्मा’ हा अर्थ चिकटला. इ. स. २०३ मध्ये कार्थेजच्या तुरुंगात पर्पेतुआ नावाची सुमारे बावीस वर्षांची स्त्री होती. अंगावर पिणारे मूल, आणि बाप विनवतोय की विश्वास सोड. तिने समोरचे भांडे दाखवून विचारले, याला भांड्याशिवाय दुसऱ्या नावाने हाक मारता येईल का? तसेच मी ख्रिस्ती आहे, दुसरे काही म्हणवून घेता येत नाही. तुरुंगातल्या दिवसांचा हा वृत्तांत तिच्याच शब्दांत टिकला आहे. स्त्रीने स्वतः लिहिलेल्या सर्वांत जुन्या ख्रिस्ती मजकुरांत तो मोडतो.

आतल्या मनाची साक्ष मात्र पुढे बिशप झालेल्या ऑगस्टीनपासून सुरू झाली. इ. स. ३८६ मध्ये मिलानच्या बागेत तो रडत असताना शेजारून मुलाचा आवाज आला, ‘घे, वाच’. त्याने रोमकरांस पत्र उघडले आणि तेराव्या अध्यायातल्या ओळींवर नजर पडली. हे सर्वांना माहीत असते. त्याआधीचे फारसे कुणी सांगत नाही. बागेत जाण्यापूर्वी तो इतरांच्या गोष्टी ऐकत होता. सिम्प्लिकियानस या वयस्कर धर्मगुरूने त्याला रोमचा नामवंत वक्ता व्हिक्टोरिनस याची हकिगत सांगितली होती. विश्वास खासगीत कबूल करण्याची सवलत मिळत असूनही त्याने ती नाकारली आणि सगळ्यांसमोर उभे राहून कबुली दिली. मग एका पाहुण्याने इजिप्तच्या वाळवंटातला संन्यासी अंतोनी याची गोष्ट सांगितली. ऑगस्टीनने ग्रंथ उघडला तोही अंतोनीने योगायोगाने कानी पडलेले शुभवर्तमानाचे वचन आपल्यालाच सांगितले आहे असे मानले होते हे आठवून. साक्षीतून साक्ष जन्मते ती अशी. दहा-अकरा वर्षांनी त्याने हे सारे ‘कन्फेशन्स’मध्ये लिहिले. ‘कन्फेसिओ’ या लॅटिन शब्दात पापाची कबुली आणि देवाची स्तुती हे दोन्ही अर्थ आहेत, आणि पुस्तक बोलते ते वाचकाशी नाही, देवाशी. आपण चोरून ऐकतो.

मध्ययुगात सामान्य माणसाची साक्ष मागे पडली. बाप्तिस्मा तान्हेपणीच होई, गोष्टी सांगायच्या त्या संतांच्या, आणि १२१५ च्या लॅटरन परिषदेने वर्षातून एकदा धर्मगुरूजवळ पापकबुली सक्तीची केली. स्वतःची गोष्ट उरली ती एकाच कानापुरती.

ती पुन्हा सगळ्यांसमोर आणली प्युरिटनांनी, म्हणजे इंग्लंडमधल्या कडक शिस्तीच्या प्रोटेस्टंट लोकांनी, आणि तीही परीक्षा म्हणून. १६३० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समध्ये मंडळीचे पूर्ण सभासद व्हायचे तर देवाने आपल्या अंतःकरणात काय काम केले हे मंडळीपुढे सांगावे लागे. केंब्रिज गावचे पाळक थॉमस शेपर्ड यांनी टिपून ठेवलेल्या अशा कबुल्या आजही वाचता येतात. शंका, भीती, पुन्हा शंका. विजयाचा सूर क्वचितच. त्या वसाहतीत १६३१ पासून मताचा हक्क मंडळीच्या सभासदांनाच होता, म्हणजे गोष्ट पटली नाही तर पुरुषाचे मतही जाई. आणि मग व्हायचे तेच झाले. या लोकांची मुले ख्रिस्ती घरात वाढली. त्यांच्याजवळ सांगण्यासारखे वळणच नव्हते. आणि बाप्तिस्मा मिळे तो पूर्ण सभासदांच्याच मुलांना. अखेर १६६२ मध्ये अर्धवट सभासदत्वाची तोड काढावी लागली, नाहीतर नातवंडांचा बाप्तिस्माच अडला असता.

अठराव्या शतकात जर्मनीतल्या हेर्नहूटच्या मोरेव्हियन या प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांनी ही प्रथा मऊ केली. प्रत्येकाने आपले जीवनवृत्त लिहून ठेवायचे आणि ते अंत्यविधीत वाचले जायचे. त्यांच्याच सहवासातून मेथडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली घडले. २४ मे १७३८, लंडनची ऑल्डर्सगेट स्ट्रीट, रात्री पावणेनऊचा सुमार, कुणीतरी ल्यूथरची प्रस्तावना वाचत होते आणि वेस्लींचे हृदय आगळ्या रीतीने ऊबदार झाले. ही तारीख मेथडिस्टांना पाठ असते. पण जानेवारी १७३९ मध्ये याच वेस्लींनी रोजनिशीत लिहिले की मी ख्रिस्ती नाही. साक्ष सांगताना हे पान सहसा उलटले जात नाही. वेस्लींच्या मंडळ्यांत बाराएक जणांचे वर्ग असत आणि आठवड्याला प्रत्येकाने आपल्या जिवाची खुशाली सांगायची, मग तो मजूर असो की मोलकरीण.

‘अमेझिंग ग्रेस’ या गीताचा कर्ता जॉन न्यूटन याचेही तसेच. १७४८ च्या वादळात त्याने देवाचा धावा केला, आणि त्यानंतर तो गुलामांच्या जहाजांचा कप्तान झाला. १७५४ पर्यंत तो दर्यावर होता. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याने जाहीरपणे लिहिले ते १७८८ मध्ये. वादळापासून चाळीस वर्षांनी.

ज्यांना व्यासपीठ नव्हते त्यांना मात्र साक्षीने दार उघडून दिले. स्त्रीने प्रवचन करायचे नाही असा दंडक असलेल्या मंडळ्यांतही अनुभव सांगायला बंदी नसे, आणि जेरेना लीसारख्या कृष्णवर्णीय स्त्रीने १८३६ मध्ये आपली हकिगत छापून काढली. पंडिता रमाबाईंनी तर साच्यालाच धक्का दिला. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला, पण १९०७ च्या साक्षीत त्या सांगतात की तेव्हा मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नाही. तो काही वर्षांनी भेटला.

विसाव्या शतकात साक्षीला शिस्त लागली. ‘आधी, कसे, नंतर’ असे तीन भाग, जास्तीत जास्त तीन मिनिटे. नमुना पौलाचाच, अग्रिप्पापुढचा. ऑक्सफर्ड ग्रुप या चळवळीतली एकमेकांना खुलेपणाने सांगण्याची रीत १९३५ मध्ये सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेत उतरली आणि मंडळीच्या भिंतींबाहेर गेली. मोठ्या सभांमध्ये ‘आधी’चा भाग जितका काळा तितकी गर्दी जास्त, असे गणित बसले. १९७० च्या दशकात आपण सैतानपूजकांचे पुरोहित होतो असे सांगून अमेरिकेत गाजलेल्या एका वक्त्याची कहाणी बनावट असल्याचे १९९२ मध्ये उघडकीला आले. उघडकीला आणली ती एका ख्रिस्ती मासिकानेच.

आणि ख्रिस्ती घरात वाढलेली मुले, प्युरिटनांच्या नातवंडांसारखीच, अजूनही म्हणतात की माझी साक्ष अगदीच साधी आहे. पौलाचा सर्वांत जवळचा सोबती तीमथ्य याच्याही वाट्याला प्रकाश पडल्याची, वाणी झाल्याची गोष्ट आलेली नाही. त्याच्या विश्वासाचे मूळ सांगताना पौल फक्त दोन नावे लिहितो : आजी लोईस आणि आई युनीके.