थोरलीने सांभाळणे आणि थोरलीवर घर असणे

निर्वासितांच्या छावण्यांत आईवडिलांविना राहणारी मुले धाकट्या भावंडांना वाढवत आहेत, असा विषय निघाला की आपल्या सीमाभागात कुणीतरी हमखास म्हणते, "त्यात नवल ते काय? ऊसतोडीला येणाऱ्यांची थोरली पोरगीही तेच करते." हे पटकन पटते, कारण दोन्हीकडे डोळ्यांना एकच दिसते: कडेवर मूल घेतलेली दहा-बारा वर्षांची मुलगी.

बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी-रायबाग पट्ट्यात गळीत हंगाम सुरू झाला की फडांच्या आसपास ऊसतोड मजुरांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, उभ्या राहतात. गेल्या हंगामात अशाच एका कोपीपुढे एक मुलगी जुन्या लुगड्याच्या झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला अडकवून झोका देत होती आणि हातांनी धाकट्यासाठी चहात भाकरी कुस्करत होती. झोळीतले बाळ खोकत होते. रात्रीतून ताप चढला तर काय करशील, असे विचारल्यावर तिने मान वरही न करता सांगितले, "आई आली की सांगते." तिचे हाल मी कमी लेखत नाही, हंगामाचे चार-पाच महिने तिची शाळा बुडते आणि पुष्कळदा ती कायमचीच सुटते. पण तिचे काम दिवसापुरते आहे. दवाखान्यात न्यायचे की नाही, हे संध्याकाळी फडावरून परतणारी आई ठरवते आणि मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचलही आईबापाच्या कोयत्यावर, म्हणजे त्यांच्या मजुरीवर, असते.

छावणीतल्या ज्या घरात मोठे माणूसच नाही, तिथे संध्याकाळी कुणी परतत नाही. अशा घराला बालप्रमुख कुटुंब म्हणतात. केनियातली काकुमा छावणी १९९२ साली उभी राहिली तीच मुळी सुदानच्या यादवीतून चालत आलेल्या, पालकांपासून तुटलेल्या हजारो मुलांसाठी, आणि एप्रिल २०२३ मध्ये सुदानात पुन्हा युद्ध पेटल्यावर चाडच्या सीमेकडे धावलेल्या लोंढ्यातही अशी मुले होती. अशा घरातल्या थोरलीला शिधावाटपाच्या दिवशी आधी हे ठरवावे लागते की धाकट्यांना रांगेत सोबत न्यायचे, की झोपडीवर एकटे ठेवायचे. फडावरच्या मुलीपुढे हा प्रश्न येत नाही, कारण बाजारहाट तिच्या आईकडे असतो.

या मुलांना सरसकट अनाथ म्हणणेही चुकीचे आहे, कारण पळापळीत ताटातूट झालेले आईबाप पुष्कळदा जिवंत असतात. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २००५ साली यात आणखी एक भेद स्पष्ट केला: आईवडील सोबत नाहीत पण एखादी मावशी किंवा चुलता आहे, ते मूल वेगळे; आणि कायद्याने वा रूढीने जबाबदार असे एकही मोठे माणूस सोबत नाही, ते पूर्ण एकटे मूल वेगळे. कुणाला कोणती मदत लागेल, हे यावरून ठरते.

मदतीतल्या कपातीचा घाव कुठे बसतो, तेही यातूनच कळते. अमेरिकेने २० जानेवारी २०२५ रोजी परदेशी मदत रोखली आणि त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने सुमारे ३,५०० पदे कमी करण्याचे जाहीर केले. शिधा घटल्याचे सर्वांना दिसते. बांगलादेशातल्या रोहिंग्या छावण्यांत त्याआधीच, २०२३ मध्ये, माणशी महिन्याची अन्नमदत १२ डॉलरवरून ८ डॉलरवर आली, तेव्हा प्रत्येक घराने ती कळ सोसली. मात्र मोठी माणसे असलेले घर चोरूनमारून का होईना मजुरी शोधते, दुकानदाराकडे उधारी लावते. चौदा वर्षांच्या मुलीला उधार कोण देणार? दिलेच, तर ती उधारी कोणत्या मार्गाने फेडून घेतली जाईल, याची धास्ती वेगळीच. बालविवाह आणि बालमजुरी अशा घरांचे दार लवकर ठोठावतात. शिवाय पैसा आटला की घरोघर फिरून या मुलांची खबर घेणारी कार्यकर्तीही जाते. फडावरच्या मुलीला आईला सांगता येते. छावणीतली थोरली जिला सांगत असे, ती ही कार्यकर्तीच होती.

आपल्याकडे एकटी पडलेली भावंडे आढळली, तर १०९८ या बालमदत क्रमांकावर कळवता येते, आणि बाल न्याय कायदा, २०१५ नुसार प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत त्यांना जिल्हा बालकल्याण समितीपुढे न्यावे लागते. अर्थात त्यासाठी आधी हे पाहावे लागेल की आई फडावर गेली आहे की मुळातच नाही, नाहीतर मजुरी करणाऱ्या आईचेच मूल आपण उचलून न्यायचो. छावणीतल्या भावंडांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेची २००९ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की थोरल्याची तयारी आणि कुवत असेल आणि मुलांचीही तशीच इच्छा असेल, तर त्यांची फाटाफूट न करता घर तसेच राहू द्यावे, थोरल्याचे घरप्रमुखपण मान्य करावे, पण देखरेखीसाठी कायदेशीर पालक नेमावा. घर एकत्र ठेवायला खर्च लागत नाही. पालक शोधायला, नेमायला आणि दर आठवड्याला त्याने झोपडीपर्यंत यायला मात्र लागतो, आणि कपातीत आधी जातो तो हाच खर्च.