गावाखालचं शहर: केनान एरिम आणि अफ्रोदिसियासची पार्श्वभूमी

तुर्कस्तानच्या नैऋत्येला, बाबादाग डोंगराच्या पायथ्याशी गेयरे नावाचं गाव आहे. या नावातच सगळा इतिहास दडला आहे. इथलं प्राचीन शहर अफ्रोदिती या ग्रीक देवीचं, म्हणून त्याचं नाव अफ्रोदिसियास. पुरातत्त्वज्ञ केनान एरिम यांनी तीस वर्षं खणलं ते हेच शहर. पुढे ख्रिस्ती अमलात देवीचं नाव नकोसं झालं आणि शहर ‘स्ताव्रोपोलिस’, म्हणजे क्रुसाचं नगर, झालं. लोकांच्या तोंडी मात्र प्रांताचं जुनं नाव राहिलं: कारिया. ते झिजत झिजत ‘गेयरे’ झालं. शहराची दोन्ही अधिकृत नावं विसरली गेली, बोलीतलं तेवढं टिकलं.

गाव वसलं ते नेमकं शहराच्या डोक्यावर. घरांच्या भिंतींना संगमरवरी चिरे, अंगणात खांबांचे तुकडे, नाट्यगृहाच्या उतारावर घरं. आपल्याकडे एखाद्या गावात वीरगळ न्हाणीचा किंवा धुण्याचा दगड होऊन बसतो, तसलाच प्रकार, फक्त अख्ख्या शहराच्या प्रमाणात. हे नासधूस करणं नव्हतं. दगड जवळ पडलेला, घडवलेला आणि फुकट होता.

हे ठिकाण कुणाला माहीत नव्हतं असं मात्र नाही. स्मिर्ना (आजचं इझमीर) इथला इंग्रज वाणिज्यदूत विल्यम शेरार्ड यानं १७०५ आणि १७१६ मध्ये इथले शिलालेख उतरवून नेले होते. १८३५ मध्ये फ्रेंच वास्तुविशारद शार्ल तेक्सिए आला आणि अवशेषांची चित्रं काढून गेला. १९०४-०५ मध्ये पॉल गोदँ या फ्रेंच रेल्वे इंजिनिअरनं स्नानगृहात खणलं. १९३७ मध्ये इटालियन जुलिओ याकोपी एकच हंगाम राहिला. प्रत्येकानं आपल्याला हवं ते उचललं: कुणी लेख, कुणी चित्रं, कुणी मूर्ती. हे शहर म्हणून कसं होतं, रस्ता कुठून कुठे जात होता, कोणती इमारत कोणत्या इमारतीकडे तोंड करून होती, हा प्रश्न धरून कुणी तिथे मुक्काम ठोकला नाही.

खरं तर या शहराची कीर्ती दूर रोममध्येच जास्त होती. सम्राट हेड्रियनच्या तिवोली इथल्या प्रासादात १७३६ मध्ये करड्या-काळ्या संगमरवराचे दोन सेंटॉर सापडले, अर्धे घोडे, अर्धे माणूस. त्यांवर अरिस्तेआस आणि पापिआस या शिल्पकारांची सही आहे आणि सहीपुढे गावाचं नाव: अफ्रोदिसियासचे. रोमन जगात अशा सह्या इतरत्रही मिळत गेल्या. इतके कारागीर एका आडबाजूच्या गावातून कसे निघाले, हा विद्वानांच्या चर्चेचा विषय होता. शहरापासून जेमतेम दोन किलोमीटरवर उत्तम संगमरवराच्या खाणी आहेत, हे त्याचं अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं जमिनीखाली होतं.

१९५८ मध्ये आरा गुलेर हा इस्तंबूलचा छायाचित्रकार या भागातल्या केमेर धरणाच्या उद्घाटनाला गेला होता. परतताना ड्रायव्हर वाट चुकला आणि रात्र गेयरेत काढावी लागली. कॉफीच्या दुकानात माणसं खेळत बसली होती आणि त्यांचं टेबल म्हणजे प्राचीन खांबाचा माथा होता, ही आठवण गुलेर पुढे आयुष्यभर सांगत राहिले. सकाळी त्यांनी फोटो काढले. एका अमेरिकी मासिकाला ते आवडले, पण फोटोंबरोबर मजकूर देणारा जाणकार हवा होता. गुलेर यांच्या सांगण्यानुसार तो जाणकार त्यांनी शोधला, त्याचं नाव केनान एरिम. एरिम यांच्या बाजूनं पाहिलं तर त्यांना या शहराच्या शिल्पकारांची ओढ आधीपासूनच होती आणि १९५९ मध्ये त्यांनी ठिकाण स्वतः पाहिलं. दोन्ही गोष्टी खऱ्या असायला हरकत नाही. वाट चुकलेल्या ड्रायव्हरमुळे शहर सापडलं ही कथा सांगायला छान, पण शेरार्डपासूनची अडीच शतकं ती गिळून टाकते.

एरिम यांचा जन्म १९२९ चा, इस्तंबूलचा. शिक्षण अमेरिकेत, डॉक्टरेट प्रिन्स्टन विद्यापीठातून १९५८ मध्ये आणि त्याच सुमारास न्यूयॉर्क विद्यापीठात अध्यापन. त्यांची सुरुवात अफ्रोदिसियासपासून झाली नाही, सिसिलीपासून झाली, आणि ती गोष्ट त्यांच्याबद्दल बरंच सांगते. सिसिलीत सेर्रा ओर्लांदो इथे प्रिन्स्टननं १९५५ मध्ये उत्खनन सुरू केलं. शहर मोठं होतं, पण ते कोणतं? एरिम यांनी तिथल्या नाण्यांकडे बोट दाखवलं. त्यांवर ‘हिस्पानोरुम’ म्हणजे ‘स्पॅनिश लोकांचं’ अशी अक्षरं होती. रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो की रोमनांनी इसवी सनपूर्व २११ मध्ये मॉर्गान्तिना हे शहर आपल्या स्पॅनिश भाडोत्री सैनिकांना इनाम दिलं. सैनिकांनी स्वतःच्या नावानं नाणी पाडली, तीच ही. म्हणजे शहर मॉर्गान्तिना. बोटभर नाण्यावरून अख्ख्या शहराचं नाव ठरवणारा हा माणूस १९६१ मध्ये गेयरेत उतरला आणि पुढची तीस वर्षं दर उन्हाळ्यात येत राहिला. नॅशनल जिओग्राफिक सोसायटीचा पैसा आणि प्रसिद्धी त्यांना मिळाली. दुसरं शहर त्यांनी हाती घेतलं नाही.

जिवंत गावाखाली खणणं ही मुख्य अडचण होती. १९५६ च्या भूकंपानंतर सरकारनं गाव पश्चिमेला सुमारे दोन किलोमीटरवर हलवायचं ठरवलं होतं, पण कुटुंबं हळूहळू, सत्तरच्या दशकापर्यंत हलत राहिली. त्यामुळे उत्खननाचा नकाशा विद्वानांनी आखला तसा पुढे सरकला नाही. घर रिकामं झालं की जमीन मोकळी, मग चर. आज पर्यटक ज्या मोकळ्या, पॉप्लरच्या सावलीतल्या जागेत फिरतात ती मोकळी करण्याची किंमत गेयरेकरांनी दिली, हे माहितीफलकांवर सहसा ठळकपणे येत नाही. जुन्या चौकातली काही घरं ठेवली आहेत आणि संग्रहालय तिथेच, चौकाला लागून, १९७९ मध्ये उघडलं. सापडलेलं सगळं इस्तंबूलला न जाता गावात राहिलं, हे एरिम यांच्या हट्टाचं फळ. गोदँच्या काळातल्या वस्तू इस्तंबूलला गेल्या होत्या.

१९६६ मध्ये नाट्यगृहावर काम सुरू झालं. रंगमंचाच्या उत्तरेकडच्या वाटेची भिंत उघडी झाली तेव्हा ती वरपासून खालपर्यंत अक्षरांनी भरलेली निघाली. शहरानं आपला सगळा महत्त्वाचा पत्रव्यवहार इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात तिथे कोरून ठेवला होता: रोमन सिनेटचा ठराव, करमाफी, सम्राटांची पत्रं. एका पत्रात ऑक्टेव्हियन, म्हणजे पुढे रोमचा पहिला सम्राट झालेला ऑगस्टस, साऱ्या आशिया प्रांतातून (आजच्या पश्चिम तुर्कस्तानातून) हेच शहर आपण आपलं मानलं आहे असं म्हणतो. गंमत त्याच्याच दुसऱ्या पत्रात आहे. ते अफ्रोदिसियासला लिहिलेलंच नाही, सामोस बेटाला लिहिलेलं आहे. माझ्या पत्नीचा तुमच्यावर लोभ आहे, तरी अफ्रोदिसियासला दिलेली सवलत तुम्हाला देता येणार नाही, असा त्याचा मथितार्थ. शेजाऱ्याला मिळालेला नकार अफ्रोदिसियासकरांनी हौसेनं आपल्या भिंतीवर कोरून घेतला! नाटकाला आत शिरणारा प्रत्येकजण तो वाचत जाणार याची खात्री होतीच. भिंत इथे नुसती भिंत नाही, शहराचं दप्तर आहे. याच नाट्यगृहाचा रंगमंच बांधून देणारा गायस यूलियस झोइलोस हा ऑक्टेव्हियननं मुक्त केलेला गुलाम होता. गावी येऊन त्यानं अफ्रोदितीच्या देवळालाही हात सैल सोडला.

मोठा शोध लागला १९७९ मध्ये. सेबास्तेइऑन, म्हणजे रोमन सम्राटांच्या पूजेचं ठिकाण, ही नुसती इमारत नाही, रस्ताच म्हणायला हवा. सुमारे चौदा मीटर रुंदीचा फरसबंद मार्ग, दोन्ही बाजूंना जवळपास ऐंशी-नव्वद मीटर लांबीच्या तीन मजली दर्शनी भिंती आणि टोकाला सम्राटांचं देऊळ. ग्रीक खांबांच्या तिन्ही शैली इथे एकावर एक: खालचा मजला डोरिक खांबांचा, मधला आयोनिक, वरचा कोरिंथियन. वरच्या दोन मजल्यांवर प्रत्येक दोन खांबांमध्ये एक शिल्पपट, असे मिळून सुमारे दोनशे, त्यांतले ऐंशीच्या आसपास हाती आले. काम इसवी सन २० ते ६० च्या दरम्यानचं. आणि खर्च? सम्राटानं नव्हे, गावातल्या दोन कुटुंबांनी वाटून घेतला.

एक पट जवळून पाहू. नुसतं शिरस्त्राण घातलेला आणि पाठीवर शेला सोडलेला उघडा सम्राट क्लॉडियस एका बाईला जमिनीवर दाबून तिचे केस मागे ओढतो आहे. तिचा एक हात घसरलेलं वस्त्र सावरतो आहे. खाली नाव कोरलं आहे: ब्रेतान्निआ. रोमनांनी ब्रिटन जिंकल्याचं असं चित्र ब्रिटनपासून हजारो किलोमीटरवरच्या गावात भिंतीवर होतं. दुसऱ्या पटात सम्राट नीरो कोसळणाऱ्या, स्त्रीरूपातल्या आर्मेनियाला धरून उभा आहे. नीरोचा नंतर निषेध झाला तेव्हा त्याचं नाव छिन्नीनं खरवडलं गेलं. समोरच्या भिंतीवर जिंकलेल्या लोकसमूहांच्या स्त्रीरूपी मूर्तींची रांग होती: दाकी, बेस्सी, पिरुस्ताय. गावातल्या माणसानं यातली नावं कधी ऐकलीही नसतील. पण देवळाकडे चालत जाताना उजवी-डावीकडे साम्राज्याचा नकाशा त्याच्या डोळ्यांखालून जात होता. हे एकेक पट संग्रहालयात ओळीनं टांगले तर उत्तम शिल्पं दिसतात. कोणत्या मजल्यावर, कोणाशेजारी, किती उंचीवर होते हे कळलं तरच त्यांचा अर्थ लागतो. भूकंपात कोसळलेले बरेच दगड जिथे पडले तिथेच राहिले होते, म्हणून ते कळू शकलं. मूर्ती उचलून नेण्याची घाई केली असती तर इमारत कायमची गेली असती.

स्टेडियम तुलनेनं नशीबवान. ते कधी पूर्ण गाडलंच गेलं नाही. लांबी सुमारे २७० मीटर, तीस पायऱ्या, तीस हजार प्रेक्षक. दोन्ही टोकं गोल. पण बारकाईनं पाहिलं तर लांबीच्या बाजूही सरळ नाहीत, मध्ये किंचित बाहेर फुगल्या आहेत. बाजू सरळ ठेवली की बसलेल्याला शेजारच्या डोक्यांपलीकडचं टोक दिसत नाही. जरा बाक दिला की दिसतं. पायऱ्यांवर राखीव जागांची नावं कोरलेली आहेत, त्यात कातडी कमावणाऱ्यांचीही जागा आहे. पुढे शर्यती मागे पडल्या तेव्हा पूर्वेचं टोक भिंतीनं बंद करून प्राण्यांच्या झुंजींचं रिंगण केलं गेलं.

देवळाचं जे झालं ते याहून धाडसाचं. इसवी सन ५०० च्या सुमारास अफ्रोदितीचं देऊळ चर्च झालं, पण नुसता क्रूस लावून नव्हे. ग्रीक देवळात भिंती आत आणि खांब बाहेर. चर्चला खांब आत आणि भिंती बाहेर हव्यात. म्हणून गाभाऱ्याच्या भिंती उतरवून तेच चिरे खांबांच्या बाहेरून रचले. पुढच्या-मागच्या खांबांच्या रांगा उचलून बाजूच्या रांगांच्या पुढे जोडल्या. कपडा उलटा करून घालावा तसं देऊळ उलटं करून घातलं. आज चौदा खांब उभे आहेत, ते देवळाचे म्हणावेत की चर्चचे, हे पाहणाऱ्यानं ठरवावं.

एरिम यांचं सर्वांत दिसणारं काम म्हणजे चौमुखी दरवाजा, तेत्रापिलोन. सोळा खांब, चार-चारच्या चार रांगा, पूर्वेकडच्या खांबांना पिळदार खाचा. इसवी सन २०० च्या आसपासचा हा दरवाजा जमीनदोस्त झाला होता, पण त्याचे बहुतेक दगड शाबूत होते. १९८३ मध्ये तो उभा करायला घेतला. शक्य तिथे चिरा मूळचाच, मूळ जागी, आणि नवं काम गरजेपुरतं. या पद्धतीवर आक्षेप घेणारे तेव्हाही होते, आजही आहेत. शतकानुशतकं पडलेलं पडलेलंच राहू द्यावं, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही. सुटे दगड आडवे ठेवून कितीही मोजमापं घेतली तरी खांबाखालून जाताना मान किती वर करावी लागते ते कळत नाही. काम १९९० मध्ये संपलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात अंकारामध्ये एरिम गेले. वय ६१. त्यांना दरवाजाजवळच पुरलं.

एका माणसानं, एकाच शहरात, तीस वर्षं, याची दुसरी बाजूही आहे. खणणं आणि उभारणं पुढे गेलं, सविस्तर नोंदी छापणं मागे राहिलं. १९९१ पासून पुरातत्त्वज्ञ आर. आर. आर. स्मिथ यांच्या हाताखाली कामाचा भर उलटा झाला: नवं कमी, आधीचं मोजणं, जतन करणं आणि प्रसिद्ध करणं जास्त. सेबास्तेइऑनच्या दक्षिण भिंतीचा काही भाग उभा राहिला, शिल्पपटांसाठी संग्रहालयात वेगळं दालन झालं आणि २०१७ मध्ये शहर आणि खाणी मिळून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आल्या.

शहराच्या मध्यभागी एक लांबलचक मोकळी जागा आहे. तिच्या एका कडेचे खांब याकोपीला १९३७ मध्येच लागले होते. एरिम यांच्या काळात तिला ‘दक्षिण बाजारपेठ’ म्हणत आणि मधला तलाव अर्धवट उघडा होता. २०१२ ते २०१७ मध्ये तो पूर्ण खणला. लांबी सुमारे १७० मीटर. काठानं झाडांसाठी खणलेले चर निघाले. शहरातल्या एका जुन्या लेखात अँपेलिओस नावाच्या माणसाची स्तुती आहे, त्यानं ‘खजुरीच्या झाडांची जागा’ नव्यानं करून दिली म्हणून. ती जागा कोणती, ते आता समजलं. बाजार नव्हताच तो. तळ्याकाठची बाग होती.